बूम कोण धरणार?

दृक्श्राव्य माध्यमांच्या पदवीचं माहितीपत्रक कुठल्याही विद्यापीठाचं उघडा, पहिल्या पानावरचा फोटो ठरलेला असतो. मावळतीचं ऊन, खांद्यावर कॅमेरा, डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला. बूमची, म्हणजे टोकाला माइक लावलेली लांब काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सकाळपासून उभं असलेलं कुणी त्या फोटोत मी आजवर पाहिलेलं नाही. आणि शूट संपल्यावर सगळे निघून गेले तरी मेमरी कार्डं कॉपी करत बसणारं, प्रत्येक फाइल उघडते का ते बघून मगच उठणारं तर नाहीच नाही.

माझं भांडण या फोटोशी आहे. बरीच वर्षं संकलनाच्या टेबलावर आणि त्यातली काही वर्षं वर्गात काढल्यावर माझं मत असं झालंय की ही पदवी घेण्यासारखी आहे आणि विद्यापीठांनी ती द्यायलाच हवी. पण जे दाखवून ती विकली जाते आणि जे शिकून पुढे पोट भरतं, या दोहोंचा मेळ बसत नाही. दिग्दर्शक घडवतो असं सांगून प्रवेश भरायचे, आणि बाहेर पडल्यावर बहुतेकांच्या वाट्याला जी कामं येणार ती ‘तांत्रिक विषय’ म्हणून एखाद्या सत्राच्या कोपऱ्यात सारायची. यात फसवणूक आहे. ती कुणी जाणूनबुजून करत नसेल, पण ज्याचं वय अठरा आहे आणि ज्याच्या घरच्यांनी शुल्क भरलंय, त्याला तिच्यामागचा हेतू सांगून काय उपयोग?

या फोटोमागे एक जुना समज आहे: यंत्र हातात आलं की विद्या आली. म्हणून विभागप्रमुख पाहुण्यांना आधी स्टुडिओ दाखवतात, मग ग्रंथालय. या शिक्षणाचा जन्म आठवला तरी तो समज टिकत नाही. जगातली पहिली चित्रपटशाळा, आज जी व्गिक नावानं ओळखली जाते, १९१९ साली मॉस्कोत सुरू झाली. यादवी युद्ध पेटलेलं, कच्ची फिल्म मिळण्याची मारामार. तिथला शिक्षक लेव्ह कुलेशोव्ह स्वतः विशीचा. त्यानं विद्यार्थ्यांकडून फिल्मशिवायच चित्रपट करून घेतले. प्रसंगाचे शॉट पाडायचे, आणि ते कॅमेऱ्यासमोर करावेत तसे मंचावर एकामागून एक करून दाखवायचे. हाताशी असलेल्या जुन्या पट्ट्या कापायच्या, वेगळ्या क्रमानं जोडायच्या, पुन्हा बघायच्या.

त्यातूनच तो प्रसिद्ध प्रयोग झाला. एका नटाचा निर्विकार चेहरा, त्याला जोडून एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला तो भुकेला वाटला, मग शोकात बुडालेला, मग आसक्त. ती पट्टी आज शिल्लक नाही. कुलेशोव्ह आणि त्याचा विद्यार्थी पुदोव्हकिन यांनी जे लिहून ठेवलं त्यावरूनच आपल्याला ती माहीत आहे, आणि दोघांच्या तपशिलांत फरकही आहे. तरी जगातल्या प्रत्येक संकलनाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगितली जाते. ज्या शाळेकडे फिल्म नव्हती तिनं हे दिलं, याचा विचार मात्र तोच वर्ग सहसा करत नाही. तो नव्या कॅमेऱ्याच्या खोक्याभोवती जमलेला असतो.

आता समोरच्या बाजूचा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोक विचारतात, हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं, मग तीन-चार वर्षं विद्यापीठात कशाला घालवायची? यूट्यूब २००५मध्ये सुरू झालं. त्यानंतर वाढलेल्या पिढीनं रंगसंस्कार, संकलन, प्रकाशयोजना हे सगळं पडद्यावर बघून, थांबवून, मागे नेऊन शिकून घेतलंय. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी येणाऱ्या काही मुलांचे हात सॉफ्टवेअरवर माझ्याहून चपळ चालतात. बटणं शिकण्यासाठी विद्यापीठ लागत नाही, हे मी मान्य करतो. एवढंच नाही, जो अभ्यासक्रम फक्त बटणं शिकवतो तो बंद करावा असंही म्हणतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती पदवी हातात पडायच्या आधीच बदललेली असते.

पण व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी नसतं. आपला आवडता शॉट, जो मिळवायला पहाटे उठून टेकडी चढलो, तो चित्रपटात जागा अडवतोय हे त्याला कोण सांगणार? प्रतिक्रियांच्या रकान्यात शाबासकी मिळते नाहीतर शिव्या. ‘या शॉटनंतर माझं लक्ष तुझ्या पात्रावरून उडालं, का ते आपण शोधू’ असं तिथे कुणी लिहीत नाही. शिवाय हे काम एकट्याचं नाही. दुसऱ्याच्या वेळेवर, दुसऱ्याच्या मेहनतीवर आपला निर्णय चालतो, आणि तो चुकला की आठ जणांचा दिवस वाया जातो. ही चूक शिकण्याच्या काळात आणि कमी किमतीत करता यावी, यासाठी विद्यापीठ. माझ्या लेखी पदवीचं सगळ्यात भक्कम समर्थन हेच आहे. गंमत अशी की ते कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही. ‘इथे येऊन निवांत चुका’ असं छापायचं धाडस कोण करणार म्हणा.

एक प्रसंग सांगतो. शेवटच्या वर्षाच्या एका गटानं लघुपट आणून दाखवला. चित्र देखणं होतं, खरंच देखणं; खिडकीतून येणारा प्रकाश चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर कसा थांबवायचा हे त्यांना कळलं होतं. आणि एकही संवाद धड ऐकू येत नव्हता. पंख्याची घरघर प्रत्येक शॉटला वेगळी, त्यामुळे कट आला की आवाज उडी मारायचा. मी विचारलं, खोलीचा आवाज घेतला होता का? म्हणजे सगळ्यांना गप्प करून, त्याच जागेचा मिनिटभराचा नुसता रिकामा आवाज, ज्याला या धंद्यात रूम टोन म्हणतात. संकलनात सांधे बुजवायला तोच लागतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ध्वनी कोणाकडे होता असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘ज्या दिवशी जो मोकळा असेल त्याच्याकडे.’

चूक त्या मुलांची नव्हती. त्यांच्या विभागात कॅमेऱ्याचे तीन शिक्षक होते आणि ध्वनीला दर सत्रात एक पाहुणा व्याख्याता. मुलं पगारपत्रक वाचू शकत नसतील, पण विभागाला काय महत्त्वाचं वाटतं ते त्यांना बरोबर कळतं.

ध्वनी हे मी मुद्दाम घेतलेलं उदाहरण आहे, कारण पडद्यावर न दिसणाऱ्या कामांत ते सगळ्यात मोठं. बघणारा वाईट चित्र बराच वेळ सहन करतो, वाईट आवाज करत नाही. आणि इथलं ज्ञान रुक्ष वाटतं, पण त्यावरच नोकऱ्या मिळतात. युरोपीय प्रसारण संघानं २०१०मध्ये आवाजाच्या पातळीचं मानक ठरवलं: कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक). जाहिरात लागली की रिमोट शोधायची जी सवय घरोघरी होती, तिच्यावरचा हा इलाज. ते न पाळणारी फाइल प्रसारण केंद्र परत पाठवतं, दिग्दर्शक कितीही मोठा असो. तसंच फ्रेमच्या वेगाचं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमवर स्थिरावला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले म्हणून. आवाज पट्टीवर आल्यावर वेग हवा तसा बदलता येईना. दूरचित्रवाणीत कुठे २५ आले, कुठे २९.९७. या शेवटच्या आकड्यामुळे ३०च्या हिशेबानं मोजलेला टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा क्रमांक, तासाभरात १०८ फ्रेमनी, म्हणजे साडेतीन सेकंदांहून जास्त, चुकतो. तो जुळवायला दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. ऐकताना हे पंचांग पाहिल्यासारखं वाटतं. पण थेट प्रसारणाच्या कक्षात ज्याला हे कळतं त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं येतं, आणि ज्याला फक्त ‘दृश्यभाषे’वर बोलता येतं त्याला येत नाही.

दृश्यभाषेवर मी खार खाऊन आहे असं समजू नका. कुलेशोव्हचं उदाहरण मी वर उगाच दिलेलं नाही. बघायला शिकणं आधी, मानकं नंतर. माझी तक्रार एवढीच की मधला सगळा प्रदेश, जिथे बघण्याचं ज्ञान आणि मानकांचं ज्ञान एकाच माणसाला लागतं, तो अभ्यासक्रमाच्या नकाशावर धूसर आहे. आणि बहुतेक रोजगार तिथेच आहे.

उपशीर्षकांचं काम घ्या. रोमन लिपीत एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर फार तर सात सेकंद. एवढ्या जागेत बोलणाऱ्याचा अर्थ, सूर, विनोद बसवायचा आणि कट येण्याआधी मोकळं व्हायचं. यात भाषा आहे, संकलनाची लय आहे, प्रेक्षक किती वेगानं वाचतो याची जाण आहे. किंवा दृष्टिहीनांसाठीचं ध्वनिवर्णन: दोन संवादांमधल्या फटीत, चित्रात काय घडतंय ते सांगायचं. काय सांगायचं आणि काय सोडायचं? ‘ती उदास होऊन खिडकीबाहेर पाहते’ म्हणायचं, की फक्त ‘ती खिडकीबाहेर पाहते’ म्हणून उदासी ऐकणाऱ्यावर सोडायची? चित्रपट रसग्रहणाच्या परीक्षेतला याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. आणि हे काम आता कुणाच्या मेहरबानीवर राहिलेलं नाही. वेबसाठीच्या सुलभतेच्या, म्हणजे अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २००८पासून आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओसाठी आपल्या तीन पातळ्यांपैकी मधल्या पातळीवर ध्वनिवर्णन मागितलंय. युरोपीय संघाचा सुलभता कायदा २८ जून २०२५पासून लागू झालाय. कायद्यानं काम निर्माण केलं. ते करणारी माणसं घडवायला किती विभाग सरसावले?

अभिलेखागाराची, म्हणजे जुनी चित्रं आणि फिती जपण्याच्या कामाची गोष्ट याहून उद्वेगजनक आहे. माणूस २० जुलै १९६९ला चंद्रावर उतरला ते दृश्य जगानं पाहिलं, पण आपण पाहिलं ते मूळ चित्र नव्हतं. चंद्रावरून येणारं चित्र सेकंदाला दहा फ्रेमचं होतं. घरच्या टीव्हीला चालावं म्हणून ते पडद्यावर दाखवून दुसऱ्या कॅमेऱ्यानं पुन्हा टिपलं गेलं, आणि त्यात बरंच काही हरवलं. मूळ संकेत चुंबकीय फितींवर होता. अनेक वर्षांनी शोध घेतल्यावर नासानं २००९मध्ये सांगितलं की त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता. कुणीतरी, आपलं काम नीट करत, यादीप्रमाणे खोकी उचलली असतील.

मूकपटांचं तर विचारूच नका. अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयासाठी २०१३मध्ये झालेल्या अभ्यासात तिथल्या मूक कथापटांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे नष्ट झाल्याचं निघालं. त्या काळची नायट्रेटची फिल्मपट्टी पेट घेते, कुजते; पण बऱ्याच पट्ट्या गेल्या त्या ‘आता हे कोण बघणार’ म्हणून. आजच्या हार्ड डिस्कची तऱ्हा वेगळी नाही. चालू न करता कपाटात ठेवलेली डिस्क काही वर्षांनी उघडेल याची हमी नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत वेगळ्या ठिकाणी, हा साधा नियम ज्याला अंगवळणी पडलाय असा पदवीधर संग्रहालयाला, न्यायालयाला, रुग्णालयाला, क्रीडासंघाला, बातम्यांच्या वाहिनीला, सगळ्यांना हवा आहे. आज प्रत्येक संस्था चित्रफिती तयार करते. त्या सांभाळायच्या कशा हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता पैशाचं आणि वेळेचं. या क्षेत्रातलं बरंचसं काम कंत्राटी किंवा प्रकल्पापुरतं असतं. एक प्रकल्प संपला की पुढचा मिळेपर्यंत बेकारी, आणि हे वयाच्या पन्नाशीतही चालू राहतं. असं असताना तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमात करार वाचायला शिकवणारा तास बहुधा नसतोच. ठरलेल्या मानधनात बदल किती वेळा करून द्यायचे? काम मध्येच रद्द झालं तर काय मिळणार? प्रोजेक्ट फाइल कुणाच्या मालकीची? मुलं हे पहिल्या बुडीत बिलानंतर शिकतात. संगीताच्या हक्कांचंही तेच. पदविकेच्या लघुपटाला एखादं लोकप्रिय गाणं लावून मुलं मोकळी होतात. मग महोत्सव विचारतो, परवानगी आहे का? तेव्हा त्यांना कळतं की परवानग्या दोन लागतात, एक रचनेची आणि एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, आणि दोन्ही वेगळ्या दारांत मागायच्या असतात. वर्षभराचं काम मग शोरीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यांतसुद्धा धडपणे लावता येत नाही.

तासांबद्दल तर बोलायचीच चोरी. ‘झोप काय, नंतर घेऊ’ हे इथे अभिमानानं सांगतात, आणि शिक्षकही कौतुकानं हसतात. मीही हसलोय. १९९७मध्ये हॉलिवूडमधला एक सहायक कॅमेरामन १९ तासांचं चित्रण संपवून गाडी चालवत घरी निघाला, त्याला डुलकी लागली आणि तो गेला. ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे या तासांच्या प्रश्नावर एक संपूर्ण माहितीपट केला. विद्यार्थ्यांच्या शूटला तासांची मर्यादा घालणं, दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती हवी ते लिहून ठेवणं, ते मोडणाऱ्या गटाचे गुण कापणं, हे विद्यापीठाला उद्यापासून करता येईल. यासाठी एक पैचाही खर्च नाही. धंद्याची वाईट सवय जिथे लागते ती जागा वर्ग असेल, तर मोडायचीही तिथेच.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता? हल्ली प्रत्येक पालक हाच प्रश्न आधी विचारतो: यंत्रच चित्र बनवणार असेल तर पदवी कशाला? मी भविष्यवेत्ता नाही. पण २०२३मध्ये काय झालं ते बघा. २ मेपासून अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते, मधेच नटांची संघटनाही उतरली आणि ११८ दिवस टिकली. लेखकांनी मिळवलेल्या करारात यंत्रानं लिहिलेल्या मजकुराला लेखकाचं साहित्य मानायचं नाही अशी अट आली. नटांनी आपल्या चेहऱ्याची डिजिटल प्रतिकृती वापरायला संमती आणि मोबदला मागितला. यात कला किती आणि कायदा किती, बघा. पार्श्वभूमी पुसणं, आवाजातली घरघर काढणं, पहिलं ढोबळ उपशीर्षक करणं ही कामं यंत्राकडे जात आहेत, गेलीही आहेत. नेमकी तीच कामं करत नवा माणूस धंदा शिकत होता. माझ्या मते खरी चिंता ही आहे: शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या, तर वर कुणी कसं चढायचं? त्या पायऱ्यांवरचा सराव आता विद्यापीठालाच द्यावा लागेल. म्हणजे या पदवीची गरज कमी होण्याऐवजी वाढते, पण ती देणारा विभाग आजच्यासारखा राहून चालणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची? मला विचाराल तर हिशेबापासून. विभागाच्या भिंतीवर नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी असतात, पाच-सात. त्यांच्याच वर्गातल्या उरलेल्यांचं काय झालं? पदवीनंतर पाच वर्षांनी कोण या क्षेत्रात आहे, कुठल्या कामात आहे, कोण सोडून गेलं आणि का, हे दर वर्षी छापावं आणि प्रवेश अर्जासोबत द्यावं. आकडे वाईट दिसतील ही भीती मला समजते. पण उपशीर्षकं करणारी, संग्रहालयात फिती वाचवणारी, शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण देणाऱ्या चित्रफिती बनवणारी, मैदानावर दहा कॅमेऱ्यांमधून थेट खेळ दाखवणारी माणसं त्या यादीत निघतील. त्यांना आज ‘चित्रपटात जमलं नाही म्हणून तिकडे गेले’ असं म्हणतात. ही अढी विद्यापीठानंच घातली आहे, त्या पहिल्या पानावरच्या फोटोनं.

तोवर, प्रवेशाच्या आधी विभाग बघायला गेलात तर स्टुडिओतल्या दिव्यांखाली फार वेळ घालवू नका. ध्वनीचा पूर्णवेळ शिक्षक आहे का ते विचारा. एखाद्या विद्यार्थ्याचा पडलेला, फसलेला लघुपट दाखवायला सांगा आणि त्यावर वर्गात काय चर्चा झाली ते विचारा. मग उपकरणं देणाऱ्या खिडकीवर जा. तिथल्या माणसाला बूम किती आहेत आणि महिन्यात किती वेळा बाहेर जातात ते नक्की माहीत असतं.